मांगा रंगवताना रेघेभोवती पांढरी कडा, मळकट रंग, गळणारी बादली: तपासणी कुठून सुरू करायची

काळ्या-पांढऱ्या मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या, पानावर फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये (फोटोशॉप, गिंप, क्रिता, क्लिप स्टुडिओ पेंट) रंग चढवताना येणाऱ्या अडचणी वरवर वेगवेगळ्या वाटतात, पण फिरून फिरून त्याच येतात. आधी लक्षणं बघून घ्या. यातलं एखादं तुमच्या चित्रात असेल; बहुतेकदा दोन-तीन एकत्रच असतात.

- लाल-निळा कुठलाही रंग घेतला तरी ब्रशमधून राखाडीच उमटतं, किंवा काहीच उमटत नाही.
- रंग फक्त राखाडी भागावर दिसतो, पांढरा भाग पांढराच राहतो.
- रंगाखाली रेघा झाकल्या जातात.
- बादलीनं (बंद भाग एका क्लिकनं भरणारं टूल) रंग भरला की रेघ आणि रंग यांच्यामध्ये बारीक पांढरट कडा उरते. सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार हीच.
- भरलेल्या भागात पांढरे कण राहून जातात.
- शर्टाच्या बाहीत रंग ओतला आणि मागचं सगळं आकाश भरलं.
- त्वचा, आकाश, कपडे मळकट दिसतात. निवडलेला रंग ताजा होता, पानावर तो धुरकट झाला.
- सावलीच्या ठिपक्यांच्या जागी जाळीसारखे पट्टे किंवा लाटा दिसतात.
- आपल्या स्क्रीनवर चांगलं दिसणारं चित्र फोनवर फिकट, नाहीतर भडक दिसतं.

यातल्या बहुतेक दोषांचं मूळ एकच आहे. स्कॅन केलेल्या पानात रेघ, टोन (सावलीसाठीची ठिपक्यांची जाळी) आणि कागद हे तिन्ही एकाच लेयरवर, म्हणजे चित्राच्या एकाच थरावर, एकमेकांना चिकटलेले असतात. आपल्या डोळ्याला त्यांतला फरक लगेच कळतो, सॉफ्टवेअरला कळत नाही. त्याच्यापुढे फक्त ० ते २५५ असे आकडे असतात: ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा आणि मधले सगळे राखाडी. हे तिन्ही वेगळे केले की बरेचसे दोष आपोआप जातात. पण लगेच रेघा वेगळ्या काढायला बसू नका. त्याआधी काही तपासण्या अशा आहेत की त्यांना मिनिटही लागत नाही, आणि पुष्कळदा काम तिथंच संपतं. खाली त्या सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमानं दिल्या आहेत. क्रम मोडू नका, कारण वरच्या पायरीवरचा दोष राहिला तर खालची पायरी चुकीचं उत्तर देते.

झूम १००% करा

चित्र ३३% किंवा ६६% झूमवर बघत असाल तर सॉफ्टवेअर दाखवण्यापुरती चित्राची लहान आवृत्ती तयार करतं. त्यात टोनचे ठिपके आणि स्क्रीनचे पिक्सेल यांचा मेळ बसत नाही आणि मोअरे दिसतो, म्हणजे त्या लाटा. झूम १००% केल्यावर लाटा गेल्या तर फाइल निर्दोष आहे, काहीही दुरुस्त करायचं नाही. १००% वरही दिसत असतील तर त्या फाइलमध्येच आहेत. त्यावर खाली टोनच्या भागात लिहिलं आहे. रेघेजवळची पांढरी कडा तपासायला मात्र ३००–४००% पर्यंत जा. कडा नेमकी पांढरी आहे, राखाडी आहे की रंगीत कण आहेत, यावर पुढचा उपाय ठरतो.

फाइलचा मोड बघा

काळं-पांढरं स्कॅन बहुतेकदा ग्रेस्केल मोडमध्ये जतन झालेलं असतं. या मोडमध्ये रंग साठवायला जागाच नसते, म्हणून तुम्ही कुठलाही रंग निवडा, उमटतं ते राखाडी. फोटोशॉपमध्ये फाइलच्या टॅबवर नावापुढे मोड लिहिलेला असतो, गिंपमध्ये खिडकीच्या शीर्षकपट्टीवर. इमेज मेनूतल्या मोडमध्ये जाऊन आरजीबी (लाल-हिरवा-निळा, स्क्रीनचा रंगीत मोड) निवडा. क्रितामध्ये हेच काम इमेजचा कलर स्पेस बदलून होतं. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये प्रत्येक लेयरला स्वतःचा एक्स्प्रेशन कलर असतो, तो ‘कलर’वर हवा; पूर्ण कॅनव्हास रंगीत असूनही एकच लेयर ‘ग्रे’वर अडकलेला असू शकतो.

आणखी दोन मोड घोळ घालतात. इंडेक्स्ड मोडमध्ये जास्तीत जास्त २५६ ठरावीक रंगच असतात, त्यामुळे निवडलेला रंग न उमटता त्यातला जवळचा उमटतो. आणि बिटमॅप मोडमध्ये फक्त काळा नि पांढरा असे दोनच रंग असतात. फोटोशॉपमध्ये बिटमॅपवरून थेट आरजीबीत जाता येत नाही, आधी ग्रेस्केल करावं लागतं. मेनूत आरजीबी अंधूक दिसत असेल तर कारण हेच.

सिलेक्शन, मास्क, लॉक

ब्रश फिरतोय पण काही उमटत नाही, अशा वेळी ही तीन ठिकाणं बघा. एखादं जुनं सिलेक्शन (निवडून ठेवलेला भाग) कोपऱ्यात राहिलेलं असतं, किंवा त्याच्या हलत्या रेघा लपवलेल्या असतात. फोटोशॉप आणि क्लिप स्टुडिओत कंट्रोल-डी, गिंप आणि क्रितात कंट्रोल-शिफ्ट-ए केलं की सुटतं. लेयरऐवजी त्याचा मास्क (लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा) निवडलेला असेल तर रंगाचे चौकोनच राखाडी होतात, ही फोटोशॉपमधली पक्की खूण. तिसरं म्हणजे पारदर्शक भागाचं लॉक. रिकाम्या लेयरवर ते चालू असेल तर रंगवायला तिथं काहीच नसतं, त्यामुळे काही उमटत नाही.

ब्लेंड मोड आणि लेयरचा क्रम

इथं जरा थांबायला हवं, कारण नव्या लोकांचा सर्वाधिक वेळ इथं वाया जातो, आणि तोही मोडच्या नावामुळे.

रंग द्यायचा म्हणून रंगाच्या लेयरला ‘कलर’ हा ब्लेंड मोड (लेयर खालच्या लेयरमध्ये कसा मिसळावा याची सेटिंग) दिला जातो. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोसाठी तो उपयोगी आहे, कारण फोटोत सगळीकडे मधले राखाडी असतात. कलर मोड खालच्या चित्राचा उजेड तसाच ठेवतो आणि त्यावर रंगाची छटा चढवतो. पण शुभ्र पांढऱ्यावर छटा चढू शकत नाही. उजेड तोच ठेवायचा तर पांढरा पांढराच राहणार. मांगाच्या पानावर मोठा भाग शुभ्र पांढरा असतो. म्हणून रंग फक्त टोनवर दिसतो आणि चेहरा कोरा राहतो. रंग ‘अर्धवट चढतोय’ असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा हाच मोड बघते.

हवा असतो तो मल्टिप्लाय. यात वरच्या आणि खालच्या पिक्सेलचे आकडे गुणून २५५ नं भागले जातात. वरचा पिक्सेल पांढरा, म्हणजे २५५ असेल तर खालचा रंग जसाच्या तसा राहतो; काळा, म्हणजे ० असेल तर उत्तर ०, काळंच. मांगाच्या पानाला नेमकं हेच हवं असतं: कागद नाहीसा व्हावा आणि रेघ राहावी. मांडणी अशी करा की मूळ पानाचा लेयर सगळ्यात वर, मल्टिप्लायवर आणि लॉक केलेला; रंगाचे सगळे लेयर त्याच्या खाली, नॉर्मलवर; सगळ्यात तळाशी एक पांढरा लेयर. फोटोशॉपमध्ये उघडलेलं चित्र ‘बॅकग्राउंड’ म्हणून लॉक असतं आणि त्याखाली काही ठेवता येत नाही. लेयर पॅनेलमध्ये त्यावर डबल-क्लिक केलं की तो साधा लेयर होतो.

उलटं करूनही दिसायला तेच दिसतं, म्हणजे मूळ पान खाली आणि प्रत्येक रंगाचा लेयर वर मल्टिप्लायवर. पण मग दोन रंगांचे लेयर जिथं एकमेकांवर येतात तिथं तेही एकमेकांत गुणले जातात आणि केसांच्या कडेला काळपट पट्टा येतो. पानावर रंगांची दहा-बारा लेयर झाली की हे आवरत नाही. मल्टिप्लाय एकाच लेयरला द्या, वरच्या.

कागद खरोखर पांढरा आहे का

मळकट रंगाचं हे पहिलं कारण. आयड्रॉपरनं (रंग उचलणारं टूल) कागदाच्या कोऱ्या भागावर क्लिक करून आकडे वाचा. डोळ्याला पांढरा दिसणारा कागद पुष्कळदा २५०, २४४, २२५ असा पिवळट निघतो. मल्टिप्लायमध्ये हा पिवळटपणा प्रत्येक रंगात गुणला जातो: ९०, १४०, २२० हा निळा पानावर ८८, १३४, १९४ होऊन उतरतो. निळेपणा घटला, आकाश मळलं. रंग बदलून हे सुटत नाही, म्हणूनच लोक तासन्‌तास पॅलेट बदलत बसतात आणि समाधान होत नाही.

उपाय स्वस्त आहे. आधी मूळ पानाचा लेयर पूर्ण डिसॅच्युरेट करा, म्हणजे रंग काढून निव्वळ राखाडी करा, पिवळटपणा जाईल. मग लेव्हल्स (काळा-पांढरा कुठून धरायचा ते ठरवणारी खिडकी) उघडा. उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे आणा, कागदाचा आकडा जिथं २५५ होतो तिथवर. २३० ते २४० च्या आसपास सहसा भागतं. डावीकडचा काळा त्रिकोण थोडा आत, ३०–४० पर्यंत, म्हणजे फिकट झालेली शाई पुन्हा काळी होईल. जेपीजीच्या रेघांभोवती जो बारीक कचरा असतो तोही यातच बराचसा पुसला जातो. जेपीजी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन करून त्यांतला तपशील कमी करतं, त्यामुळे काळ्या-पांढऱ्याच्या तीव्र सीमेजवळ फिकट राखाडी कण उठतात. बादलीनं भरल्यावर राहणारे पांढरे कण बहुतेक त्यांचेच असतात.

लेव्हल्स हात राखून वापरा. पापण्यांच्या टोकाची, केसांच्या शेवटाची रेघ चित्रकारानं मुद्दाम विरळ करत नेलेली असते. पांढरा त्रिकोण जास्त ओढला तर ती टोकं तुटतात आणि चेहऱ्यावरचा भाव बदलतो. मी डोळ्यांवर ३००% झूम ठेवूनच त्रिकोण हलवते. कागदाचा एखादा डाग राहिला तरी चालेल, तो पांढऱ्या ब्रशनं पुसता येतो. गेलेली रेघ परत आणता येत नाही.

इथून पुढे काम पीएनजीत किंवा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलमध्ये जतन करा. जेपीजीत पुन्हा पुन्हा जतन केलं तर तोच कचरा दर वेळी नव्यानं तयार होतो.

पांढरी कडा: बादलीच्या सेटिंग

आता मुख्य दुखणं. रेघ काळी आणि कागद पांढरा असं आपण म्हणतो, पण ४००% वर बघितलं तर रेघेच्या दोन्ही बाजूंना राखाडी पिक्सेलचा एक-दोन पदरांचा काठ असतो. त्यामुळेच रेघ गुळगुळीत दिसते. बादली पांढऱ्यावर ओतली की ती टॉलरन्सच्या आकड्याइतकाच फरक सहन करते. फोटोशॉपमध्ये टॉलरन्स मुळात ३२ असतो. म्हणजे २५५ पासून २२३ पर्यंतचे पिक्सेल भरले जातात आणि २२३ च्या खालचा सगळा काठ कोरा राहतो. गिंपमध्ये हा आकडा मुळात १५ असतो, तिथं कडा आणखी जाड दिसते. मल्टिप्लायखाली या काठाला रंगच मिळत नाही, म्हणून तो पांढरट धाग्यासारखा चमकतो. गडद रंग भरला की जास्त, कारण विरोध वाढतो.

सर्वात सोपा उपाय टॉलरन्स वाढवण्याचा. १०० ते १५० पर्यंत नेऊन बघा. टोन नसलेल्या भागात एवढ्यानं बरंच काम होतं. त्याबरोबर दोन गोष्टी तपासा: रंग वेगळ्या लेयरवर ओतताना बादलीला सगळे लेयर बघायची परवानगी असायला हवी, म्हणजे फोटोशॉपात ‘ऑल लेयर्स’, गिंपमध्ये ‘सॅम्पल मर्ज्ड’, क्लिप स्टुडिओत रेघांचा लेयर ‘रेफरन्स’ म्हणून लावलेला. नाहीतर बादलीला रेघ दिसतच नाही आणि ती रिकाम्या लेयरला पूर्ण भरते. दुसरं, सपाट रंग भरताना बादलीचं अँटी-अलायस बंद ठेवा. चालू असेल तर रंगाच्या काठाला अर्धवट पारदर्शक पिक्सेल तयार होतात, आणि तोच भाग नंतर मॅजिक वाँडनं (सारख्या रंगाचा भाग निवडणारं टूल) निवडून दुसरा रंग द्यायला गेलात की जुन्या रंगाचा काठ मागे राहतो. बंद असेल तर टॉलरन्स ० ठेवूनही भाग अचूक निवडला जातो.

खरा टिकाऊ उपाय मात्र रंगाला रेघेच्या खाली सरकवण्याचा आहे. मॅजिक वाँडनं भाग निवडा, सिलेक्ट मेनूतल्या मॉडिफायमधून सिलेक्शन १–२ पिक्सेलनं एक्स्पांड करा (गिंपमध्ये ‘ग्रो’), आणि मग खालच्या लेयरवर भरा. क्रिता आणि क्लिप स्टुडिओत ही वाढ थेट भरण्याच्या टूलमध्येच ठरवता येते. रंग रेघेच्या काळ्याखाली गेला की राखाडी काठामागे रंग येतो आणि कडा नाहीशी होते. किती वाढवायचं याचा माझा नियम असा: त्या भागातली सगळ्यात बारीक रेघ मोजा, तिच्या निम्म्याहून जास्त नको. रेघ ३ पिक्सेलची असेल तर १ च पिक्सेल. जास्त वाढवलं तर रंग रेघ ओलांडून पलीकडे दिसायला लागतो, आणि तो दोष पांढऱ्या कडेपेक्षा ओंगळ.

मी स्वतः याच्याही आधी एक गोष्ट करते, आणि कडेचा त्रास कायमचा संपवायचा असेल तर हीच सवय लावावी असं माझं ठाम मत आहे. पात्राची बाहेरची पूर्ण आकृती लासोनं (हातानं रेघ फिरवून भाग निवडणारं टूल) निवडून एकाच रंगात भरायची, शक्यतो त्वचेच्या रंगात. मग त्याच्या वरच्या लेयरवर केस, कपडे, डोळे असे भाग पाडायचे. आकृतीच्या आत कुठंही पांढरं शिल्लक नसल्यामुळे एखादी कडा सुटलीच तर तिथं त्वचेचा रंग दिसतो, डोळ्यात खुपणारा पांढरा दिसत नाही. यात जास्तीचे दोन-तीन मिनिटं जातात आणि नंतर काठ पुसण्याचं सगळं काम वाचतं.

रंग गळतो

रेघ कुठंतरी तुटलेली असते. मांगात ती मुद्दाम तोडलेली असते. हनुवटीखाली, नाकाच्या बाजूला, कपड्यांच्या चुण्यांत रेघ उघडी सोडली की चित्र मोकळं वाटतं. म्हणून मूळ रेघांच्या लेयरवर फटी बुजवू नका. नवा लेयर घ्या, त्यावर बारीक कठीण ब्रशनं तेवढी फट बंद करा, सगळे लेयर बघणारी बादली वापरून भरा आणि मग तो बुजवण्याचा लेयर लपवा. टॉलरन्स वाढवल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर कारण वेगळं: रेघ सलग आहे पण फिकट आहे. मग लेव्हल्सकडे परत जा.

फटी फार असतील तर सॉफ्टवेअरची मदत घ्या. क्लिप स्टुडिओत फटी बंद करण्याची सोय भरण्याच्या टूलमध्येच आहे. गिंपच्या २.१० मालिकेत २०१९ पासून बादलीला रेघा ओळखून भरता येतं. क्रितातला कलराइझ मास्क तर फक्त रंगाच्या चार खुणा मागतो आणि भाग स्वतः वाटून देतो. गुंतागुंतीच्या केसांत तो चुकतो, मोठ्या सपाट भागांत चांगला चालतो.

रेघा वेगळ्या काढणं

वरचं सगळं करूनही रेघेचा काठ राखाडी, मेलेला दिसत असेल, किंवा रेघांना गडद तपकिरी-निळा असा रंग द्यायचा असेल तरच हे करा. पांढरा काढून टाकून फक्त शाई उरवायची.

गिंपमध्ये आणि क्रितात ‘कलर टू अल्फा’ वापरून पांढरा पारदर्शक करा. क्लिप स्टुडिओत एडिट मेनूमध्ये उजेडाचं पारदर्शकतेत रूपांतर करणारा पर्याय आहे. फोटोशॉपमध्ये चॅनेल पॅनेलमधल्या आरजीबीच्या चित्रावर कंट्रोल धरून क्लिक केलं की उजळ भाग निवडला जातो. सिलेक्शन उलटं करा, नवा लेयर घ्या आणि काळ्यानं भरा. आता राखाडी काठ हा राखाडी राहिला नाही, तो अर्धपारदर्शक काळा झाला. लेयर नॉर्मलवर ठेवता येतो, पारदर्शकता लॉक करून रेघांवर थेट रंग फिरवता येतो. गालाजवळची रेघ काळ्याऐवजी गडद तांबूस केली की चेहरा किती मऊ दिसतो ते करून बघाच.

मोठ्या रिझोल्यूशनचं स्कॅन असेल तर आणखी एक रस्ता आहे. मांगाची काळी-पांढरी मूळ पानं डिजिटल कामात सर्रास ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० पिक्सेल) ठेवतात, आणि तेवढ्या आकारावर राखाडी काठाची गरजच नसते. थ्रेशोल्ड १२८ च्या आसपास लावून चित्र निव्वळ काळं आणि पांढरं करा, टॉलरन्स ० नं भरा, रंगकाम पूर्ण करा आणि शेवटी सगळं ५०% लहान करा. लहान करताना काठ आपोआप गुळगुळीत होतो आणि कडा कुठंच नसते. लहान चित्रावर थ्रेशोल्ड लावू नका, रेघांना पायऱ्या पडतात.

टोन: मळकटपणाचं दुसरं कारण

मांगातली राखाडी छटा बहुतेकदा राखाडी नसते, ती काळ्या ठिपक्यांची जाळी असते. त्या जाळीला स्क्रीनटोन म्हणतात. तिच्यावर रंग चढवताना तीन वेगळे दोष येतात, आणि ते एकमेकांत मिसळले की उपाय सापडत नाही.

पहिला, बादली. प्रत्येक ठिपका तिला रेघच वाटतो. ती ठिपक्यांच्या मधलं पांढरं भरते किंवा मध्येच अडकते. टोनच्या भागात बादली वापरूच नका. लासोनं भाग निवडून भरा.

दुसरा, दुहेरी सावली. ३०% टोन म्हणजे त्या भागाचा सरासरी उजेड २५५ च्या ७०%, साधारण १७८. मल्टिप्लायखाली तिथला कुठलाही रंग त्याहून उजळ दिसूच शकत नाही. २०० चा रंग १४० दिसतो. टोन हीच चित्रकारानं दिलेली सावली आहे. त्यावर आपण आणखी गडद सावली घातली की ती चिखलासारखी दिसते. म्हणून टोनच्या भागात मूळ रंग जास्त उजळ आणि जास्त सॅच्युरेटेड (राखाडीपणा कमी असलेला) घ्या, आणि सावलीचा लेयर तिथं लावू नका. एवढा एक बदल केला तरी बरीच पानं सुधारतात.

तिसरा, मोअरे. इथं थोडं गणित करा. टोनची घनता एका इंचातल्या ठिपक्यांच्या ओळींवर मोजतात, आणि ६० ओळींचा टोन नेहमी दिसणारा. ६०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये असा एक ठिपका १० पिक्सेलच्या अंतरावर येतो. चित्र २५% केलंत की तेच अंतर अडीच पिक्सेल होतं. अडीच पिक्सेलमध्ये ठिपका आणि मोकळी जागा दोन्ही नीट बसत नाहीत, आणि लाटा उठतात. म्हणून आकार लहान करण्याच्या *आधी* टोनचा बंदोबस्त करायचा असतो.

करायचं कसं? टोनचा भाग निवडून वेगळ्या लेयरवर कॉपी करा आणि त्यावर गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) लावा, त्रिज्या ठिपक्यांमधल्या अंतराच्या निम्मी. १० पिक्सेल अंतराला ४ ते ५. ठिपके विरघळून सलग राखाडी तयार होतं. अडचण अशी की त्या भागातून जाणाऱ्या रेघाही विरघळतात. त्यामुळे त्या मास्कनं वाचवाव्या लागतात किंवा वरून पुन्हा काढाव्या लागतात. टोन फिकट असेल तर क्लिप स्टुडिओतलं धूळ काढण्याचं टूल कामाला येतं: ठरवलेल्या आकारापेक्षा लहान सुटे ठिपके ते पुसतं आणि सलग रेघा ठेवतं. टोन ५०% च्या जवळ गेला की ठिपके एकमेकांना चिकटायला लागतात, मग ते टूल उपयोगाचं राहत नाही.

सगळा टोन काढलाच पाहिजे असं मुळीच नाही. वेगाच्या रेषा, स्फोटाचे झोत, पार्श्वभूमीवरची नक्षी हे टोन चित्राचा आवाज असतात. ते पुसले की पान मुकं होतं. मी चेहरा आणि त्वचेवरचा टोन काढते, कपड्यांवरचा ठेवून ठिपक्यांना त्याच कपड्याची गडद छटा देते, आणि पार्श्वभूमीला हात लावत नाही.

मूळ फाइल

इथपर्यंत येऊनही सुटलं नाही तर दोष तुमच्या कामात नाही, मिळालेल्या चित्रात आहे. पान हाताशी असेल तर पुन्हा स्कॅन करणं हाच उपाय. ६०० डीपीआय, ग्रेस्केल. स्कॅनरचं ऑटो शार्पन बंद, डीस्क्रीन बंद. डीस्क्रीन हे ठिपके घालवण्यासाठीच असतं, पण ते रेघांसकट सगळंच मऊ करतं. पानाच्या मागचं छापील चित्र उमटत असेल तर पानामागे काळा कागद ठेवा. पांढरा ठेवला तर प्रकाश परत फिरतो आणि मागची शाई दिसते.

चित्र फक्त डिजिटल आणि लहान असेल तर दुप्पट मोठं करून काम करून शेवटी पुन्हा लहान करणं रेघांसाठी बरं पडतं, भरणं सोपं जातं. टोन त्यानं वाचत नाही. लहान करतानाच मिसळून गेलेले ठिपके मोठं करून सुटे होत नाहीत. आपोआप मोठं करणारी टूल्स अशा ठिकाणी बहुतेक डाग तयार करतात, ते मी वापरत नाही.

दुसऱ्या स्क्रीनवर रंग बदलतो

फाइल सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या) मोडमध्ये असेल किंवा तिच्यात कलर प्रोफाइल (रंगांचे आकडे कसे दाखवायचे ते सांगणारी नोंद) नसेल तर असं होतं. स्क्रीनसाठी एसआरजीबी या सर्वसाधारण प्रोफाइलमध्ये रूपांतर करा आणि निर्यात करताना प्रोफाइल फाइलमध्ये घाला. दोन फोनवर थोडा फरक राहीलच, त्याच्या मागे लागू नका.

कुठं थांबायचं

टोनच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर ३ पिक्सेलहून कमी असेल आणि मोठं स्कॅन मिळणार नसेल, तर तो टोन सोडवायला बसू नका. तो भाग पूर्ण पुसून नव्यानं रंगवा, किंवा ते पान सोडून द्या.

काम छापायचं असेल तर रंग भरून झाल्यावर स्वतः सीएमवायके करून मोकळे होऊ नका. छपाईखान्यातल्या प्रीप्रेस (छपाईआधीची फाइलची तयारी) करणाऱ्या माणसाला आधी विचारा. आरजीबीतली काळी रेघ सरळ रूपांतर केली की ती चार शाईंची होते, आणि छापताना चार रंगांचा मेळ किंचित जरी चुकला तरी प्रत्येक रेघेला रंगीत सावली येते. रेघा फक्त काळ्या शाईत ठेवून खालच्या रंगावर ओव्हरप्रिंट करायच्या, म्हणजे रंग न कापता त्याच्या वरून छापायच्या असतात. त्यासाठी रेघांचा लेयर वेगळा ठेवलेली फाइल द्या आणि कुठलं प्रोफाइल हवं ते त्यांच्याकडूनच घ्या. स्क्रीनवरचे झगझगीत निळे, जांभळे आणि हिरवे कागदावर तसे येत नाहीत, तेव्हा नमुना छापून घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

हातानं काढलेलं मूळ पान असेल, त्यावर चिकटवलेला टोन सुटत असेल किंवा कागद पिवळा पडून ठिसूळ झाला असेल, तर ते स्कॅनरच्या झाकणाखाली दाबू नका आणि इस्त्री तर अजिबात नको. स्क्रीनटोन ही गोंद लावलेली पातळ फिल्म असते. उष्णतेनं आणि दाबानं ती सरकते. असं पान कागदाचं संवर्धन करणाऱ्याकडे द्या.

आणि चित्र दुसऱ्याचं असेल तर रंगवलेली आवृत्ती विकण्याआधी किंवा वाटण्याआधी मांगाकाराची वा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. रंग तुमचे असले तरी रेघा त्यांच्या आहेत. परवानगीच्या अटी समजत नसतील तर कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला विचारा आणि उत्तर येईपर्यंत फाइल आपल्याजवळच ठेवा.